चिखल वजा करून

वजनकाटा कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून मागून आणला,
आकड्याचा, हातात लटकवून धरायचा.
पहिली गोणी चौदा किलो भरली
आणि निमिष म्हणाला, मॅडम,
यात कचरा किती, चिखल किती?

रासेयोच्या फॉर्मवर एकच रकाना आहे.
चिखलाची तिथे सोय नाही.
मी म्हटलं, खाडीत विसळून घे.
तो खाडीकडे बघत राहिला बराच वेळ.

सव्वासातची ओहोटी.
चारकोपच्या मागे, जिथे सेक्टरचे आकडे संपतात
आणि तिवरं सुरू होतात,
तेवीस मुलं, हातमोजे अकरा जोड.
एकेकाच्या वाट्याला एकच, डावा किंवा उजवा.
जोएलच्या वाट्याला तोही नाही.

तहुराने पहिल्यांदा वाकून उचललं
ते दुधाच्या पिशवीचं टोक,
कात्रीने उडवलेला निळा त्रिकोण, नखाएवढा.
मग अजून एक. मग तिला दुसरं काही दिसेचना.
चाळिसाच्या पुढे तिने मोजणं सोडलं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
आमच्या घरी मीच कापते. रोज.

तिवरांची श्वासमुळं वर आलेली,
शाई सांडलेल्या बाकावर कुणी बोरू उभे करावेत तशी,
आणि प्रत्येकाला काहीतरी गुंडाळलेलं:
नाडा, सुतळी, सलाईनची नळी.
एक डायपर.
मुलगे एकदम पक्षी बघायला लागले.
मृण्मयीने उचलला, गोणीत टाकला,
आणि पुढचा अर्धा तास कुणाशी बोलली नाही.

साडेआठला एका खोडाला
काहीतरी पिवळं आवळून बसलेलं सापडलं.
तिघांनी ओढूनही सुटेना. कापलं. पसरलं.
फ्लेक्स.
किनारा स्वच्छता मोहीम, आमच्या कॉलेजचा शिक्का,
तीन वर्षांपूर्वीची तारीख,
खाली मार्गदर्शक, प्रा., आणि माझं आडनाव.
त्यावर कालवं धरलेली.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मला आठवलं, तेव्हा फोटो झाल्यावर
बॅनर कोण घेतंय, असं मी विचारलं होतं
आणि सगळ्यांनी सांगितलं होतं, तो घेतोय.
तो कोण, ते विचारायचं राहिलं.

भानाबाय निवट्या धरायला आली होती.
आम्ही गुडघ्यापर्यंत रुतत होतो
तिथे ती अंगणात चालावं तशी चालत आली,
फ्लेक्स उलटा केला, मागची कोरी बाजू चाचपली.
“त्या खेपंला बी तुमीच ना?
गोन्या भरून रस्त्याव ठेवल्या.
गारी काय आली नाय.
उधान आलं, न्हेल्या परत.”
आवाजात राग नव्हता.
भरती किती वाजता, हे सांगावं तसं सांगितलं.
मग फ्लेक्सची घडी करून घेतली, जाळ्यावर घालायला.
माझं आडनाव आत गेलं.

मुलांनी डबे उघडले. सगळे स्टीलचे,
तशी सूचनाच होती नोटीस बोर्डावर.
जोएलने खिशातून वेफर्सचं पाकीट अर्धं बाहेर काढलं,
इकडेतिकडे बघितलं, परत आत सारलं.
दिवसभर ते त्याच्या खिशात कुरकुरत होतं.

अकराला बस आली.
मी वॉर्ड ऑफिसला फोन लावला.
साहेब साइटवर आहेत. मग नुसतीच रिंग.
मग साहेब जेवायला. अकरा वाजता.

सोळा जण बसमध्ये चढले. सात चढले नाहीत.
त्यांना मी थांबा म्हटलं नव्हतं,
जा म्हणायला हवं होतं, घरी फोन करायला हवे होते,
तेही नंतर सुचलं.
एकोणीस गोण्यांवर ते पाय सोडून बसलेत.
तहुराने भानाबायला विचारून
भरतीची वेळ तळहातावर लिहून घेतली आहे,
एक वीस.

फॉर्म माझ्या पर्समध्ये. किलोचा रकाना कोरा.
निमिष म्हणतो, मॅडम,
गाडीत चढेल तेवढंच लिहा.

साडेबारा.
पुढच्या रांगेतल्या मुळांना पाणी लागलंय.